अनोळखी नंबरावरून घरची बोली

माणिकपूरच्या आल्बिनाबाईंना तो पहिला मेसेज आला तेव्हा त्या खिडकीपाशी वाल सोलत बसल्या होत्या. नंबर परदेशी. फोटोत केस मोकळे सोडलेली एक देखणी मुलगी. इंग्रजीत लिहिलं होतं, ‘डॉक्टर मेरी, तुमच्या औषधाने माझा कुत्रा बरा झाला. तुमचे उपकार कसे फेडू?’

आल्बिनाबाईंनी ओले हात गाऊनला पुसले आणि सावकाश एकेक अक्षर दाबत उत्तर लिहिलं, ‘मी डॉक्टर नाही. पण कुत्रा बरा झाला ना, मग झालं.’

असलं काही करायचं नाही, अशी त्यांच्या लेकीची सक्त ताकीद होती. शॅनन कॅनडात नर्स होती आणि दर रविवारी फोनवर आईची उजळणी घ्यायची. ओटीपी सांगायचा नाही, लिंक उघडायची नाही, अनोळखी नंबराला उत्तर द्यायचं नाही. आल्बिनाबाई हो हो म्हणायच्या. पण त्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. आखातात गेलेल्या नवऱ्यांना त्यांच्या बायकांनी लावलेले किती ट्रंक कॉल त्यांनी जोडून दिले असतील, त्याची गणती नाही. पलीकडून कोणी बोललं आणि आपण गप्प बसलो, हे त्यांना जमणारंच नव्हतं. शिवाय नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि पासष्टी उलटलेल्या एकट्या बाईची दुपार भारी लांब असते.

मुलीने आपलं नाव एमी सांगितलं. हाँगकाँगला राहते म्हणाली. मग रोज दुपारी मेसेज येऊ लागले. आज काय जेवलात? तुमच्याकडे ऊन फार आहे का? तुम्ही किती प्रेमळ आहात, अगदी माझ्या मावशीसारख्या. ही सगळी लबाडी आहे हे न कळायला आल्बिनाबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. शेजारच्या ग्रेसीला त्या म्हणाल्यासुद्धा, “चोर दारात आला तर त्याला ओट्यावर बसवून ठेवावं. तेवढा वेळ तरी तो दुसऱ्याच्या घरात शिरत नाही.”

नवव्या दिवशी मात्र एक नवल घडलं. एमीने नेहमीसारखं हवापाण्याचं विचारलं आणि त्याच मेसेजात खाली एक ओळ आली. अक्षरं इंग्रजी, पण भाषा इंग्रजी नव्हे, मराठीही नव्हे. ती होती जवळच्याच गास गावाकडची बोली. आल्बिनाबाई ज्या बोलीत जन्मल्या, ज्या बोलीत आईने त्यांना रागे भरलं, ती. कागदावर ती नीट उतरत नाही, म्हणून अर्थच सांगायचा तर तो असा : ‘मावशी, मी गासचा आहे. मला इथे डांबून ठेवलंय. माझ्या आईला सांग. वर इंग्रजीत नेहमीसारखं बोलत राहा, हे लोक सगळं वाचतात.’

आल्बिनाबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. पहिला विचार आला तो हाच, की ही लबाडीचीच पुढची पायरी. दुसरा विचार आला, की ही बोली दहा-बारा गावांबाहेर कोणाला येते? त्यांनी इंग्रजीत हवेचं लिहिलं आणि खाली घरच्या बोलीत विचारलं, ‘तुझ्या घरी आजारी माणसाला पेजेबरोबर कुठली सुकी मासळी भाजून देतात?’

पाच मिनिटांनी उत्तर आलं. ‘मावशी, आमच्यात मासळी चालत नाही. आम्ही बामण. लिंबाचं लोणचं देतात.’

आल्बिनाबाईंना हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. गासच्या आसपास ही बोली ख्रिस्ती कुपारी बोलतात तशीच सामवेदी ब्राह्मणही बोलतात. बाहेरच्या ठकाने कुठूनतरी चार शब्द उचलले असते, तर समोरच्या आल्बिनाचं नाव बघून त्याने बोंबील नाहीतर बांगडा लिहिला असता. हा पोर खरंच तिकडचा होता.

हळूहळू, दिवसाला दोन-तीन ओळी करत, त्याने सांगितलं. नाव मितेश नाईक, वय सव्वीस. बँकॉकच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम म्हणून एका एजंटाने नेलं. विमानतळावरून गाडीत घातलं, दिवसभर पळवलं, एका नदीपाशी उतरवून होडीने पलीकडे नेलं. ती नदी म्हणजे देशाची हद्द होती हे त्याला नंतर कळलं. पासपोर्ट काढून घेतला. आता चौदा-चौदा तास बसून बायकांची सोंगं घेऊन माणसं फसवायची. इंग्रजी, हिंदी, मराठी, काहीही लिहिलं की वरचा माणूस यंत्राकडून भाषांतर करवून वाचतो. ही बोली तेवढी यंत्राला कळत नाही. विचारलंच तर मितेश सांगायचा, बाई म्हातारी आहे, तिला अशा गावठी थट्टामस्करीने खूश ठेवतो. वरचा म्हणायचा, छान, जवळीक वाढव.

आणि आल्बिनाबाईंचा नंबर? त्या सणासुदीला घरगुती मसाला करून विकायच्या आणि गावच्या फेसबुक ग्रुपवर त्याची जाहिरात टाकायच्या, तीही घरच्या बोलीत. माणसं हेरायचं काम दिल्यावर मितेश तीन आठवडे ही बोली येणारं कोणीतरी शोधत होता.

एवढं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी आल्बिनाबाई बसने गासला गेल्या. मितेशच्या आईची, यमुना नाईकांची वाडी शोधायला वेळ लागला नाही. सोनचाफ्याच्या झाडाखाली एक सडपातळ, काळीसावळी बाई फुलं मोजून पानांत बांधत होती. ओळख सांगून झाल्यावर आल्बिनाबाईंनी विचारलं, “तुझ्या मितेशची काही खबर?”

“दर रविवारी पत्र येतं ना फोनवर,” यमुना म्हणाली. तिने मोबाइल आणून दाखवला. ‘प्रिय आई, मी येथे सुखरूप आहे. कृपया माझी चिंता करू नये.’ पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

“कृपया!” यमुना म्हणाली. “जन्मात कधी हा मला कृपया म्हणाला नाही. आये, भूक लागली, एवढंच म्हणायचा. मी भावाला दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं. म्हणाले, परदेशात गेल्यावर पोरं सुधारतात. मला काही ते पटेना. तू खरं सांग, आल्बिनाबाय. माझा पोरगा जिवंत आहे ना?”

“जिवंत आहे. कालच माझ्याशी बोललाय. आपल्या बोलीत बोललाय.”

यमुना खाली बसली. फुलांची पुडी हातातून सुटली तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. वाईट बातमी ऐकूनही तिच्या चेहऱ्यावर प्रथम जे उमटलं ते सुटल्यासारखं काहीतरी होतं. चार महिने ती एकटीच म्हणत होती की काहीतरी चुकलंय, आणि आज दुसरं कोणी तेच म्हणत होतं.

दोघी तिथूनच पोलीस ठाण्यात गेल्या. उपनिरीक्षक नेत्रा घरत ही तिशीतली बाई. तिने सगळे मेसेज वाचायला मागितले, आणि बोलीतल्या ओळी आल्या तिथे थांबून म्हणाली, “हे मला कळत नाही. एकेक शब्द सांगा, मी लिहून घेते.” दीड तास लिहून घेतलं. मग ती म्हणाली, “त्या देशात जाऊन आपण दार ठोठावू शकत नाही. पण कागद पुढे गेला पाहिजे आणि त्यात माहिती भक्कम पाहिजे. इमारत कशी आहे, जवळ काय दिसतं, आपली आणखी माणसं किती. फोटो, पासपोर्टची झेरॉक्स, शाळेचा दाखला, सगळं आणा. आणि बाई, तुमची ती एमी हातची जाऊ देऊ नका.”

रविवारी शॅननला सगळं सांगितल्यावर ती आधी ओरडली. “मम्मी! मी तुला किती वेळा सांगितलं होतं, रिप्लाय करू नको म्हणून?” मग पुढचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, “दूतावासाला इंग्रजीत मेल मी लिहिते. डिटेल्स पाठव.” लेकीने लिहिलेला तो मेल आल्बिनाबाईंनी तीनदा वाचला. सरकारी कागद असावा असा चोख होता.

आता खरं काम सुरू झालं. यमुना रोज सकाळची फुलं आटोपून बसने माणिकपूरला यायची. दुपारी दोघी फोन मध्ये ठेवून बसायच्या. वर एमीचं लाडिक इंग्रजी, खाली मितेशच्या ओळी. पिवळी चार मजली इमारत, गच्चीवर पाण्याच्या तीन निळ्या टाक्या, समोर नदी, पलीकडच्या काठावर सोनेरी कळसाचा बुद्धविहार. महाराष्ट्रातले आणखी तिघे. त्यांची नावं, त्यांची गावं. प्रत्येक ओळ नेत्राकडे जायची, तिथून पुढे.

पहिल्या दिवशी आल्बिनाबाईंनी फोन यमुनापुढे सरकवला. “तू लिही. आई आहेस.” यमुनाने बराच विचार केला आणि लिहिलं, ‘जेवलास?’ पलीकडून आलं, ‘आये?’ आणि वर इंग्रजीत, ‘आज मला तुमची फार आठवण येतेय.’ ते एमीचं वाक्य होतं, पण त्या दिवसापुरतं ते मितेशचं होतं.

दोन आठवड्यांनी एमीने गुंतवणुकीची गोष्ट काढली. तिच्या काकांकडे म्हणे एक जादूचं अॅप होतं. मितेशने खाली कळवलं, पैसे आले नाहीत तर हा नंबर माझ्याकडून काढून घेतील. पण मावशी, एक रुपयासुद्धा पाठवू नकोस. नुसती झुलवत ठेव.

झुलवण्यात आल्बिनाबाईंचा हात कोणी धरला नसता. एकदा बँकेत सही जुळेना. एकदा चष्मा मोडला. एकदा पासबुक लेकीने कॅनडाला नेलं. गावात सण आला, आठ दिवस सगळं बंद. ‘एमी बाळ, मी अगदी तयार आहे, फक्त तो बँकेतला गॅब्रिएल रजेवरून परत येऊ दे.’ गॅब्रिएल नावाचा कोणी बँकेत नव्हताच. यमुना तोंडावर पदर धरून हसायची आणि हसता हसता तिला हुंदका फुटायचा.

एका दुपारी मितेशने लिहिलं, की ठरवलेला आकडा पुरा झाला नाही म्हणून त्याला काल दिवसभर उन्हात उभं केलं, पाणी दिलं नाही, पायांना फोड आलेत. आल्बिनाबाईंनी ते मनात वाचलं आणि यमुनाला मोठ्याने सांगितलं, “म्हणतोय, तिकडेही ऊन फार आहे.” एक्स्चेंजमध्ये त्यांनी कधी कोणाच्या निरोपातला शब्द बदलला नव्हता. आज बदलला.

“आल्बिनाबाय, मी सातवी शिकलेय,” यमुना म्हणाली. “तुझ्या खांद्यावरून मी सगळं वाचलं.”

आल्बिनाबाईंनी फोन तिच्याकडे सरकवला.

“पुन्हा असं करू नकोस. त्याने सोसलं, मला निदान वाचू दे.” एवढं बोलून यमुना उठली, स्वयंपाकघरात गेली आणि न विचारता दोघींसाठी चहा ठेवला. त्या दिवसापासून प्रत्येक ओळ आल्बिनाबाई मोठ्याने, जशीच्या तशी वाचू लागल्या.

सातव्या आठवड्यात एमी बंद पडली. फोटो गेला, नंबर गेला. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. आल्बिनाबाईंना वाटलं, आपण बहाणे फार ताणले. गॅब्रिएलला दोन दिवस आधी परत आणायला हवं होतं. थोडेफार पैसे पाठवायला हवे होते. पोराचं काही बरंवाईट झालं असेल तर ते आपल्यामुळे. चर्चमध्ये त्या गुडघे टेकायच्या तेव्हा प्रार्थनेचे शब्दच आठवायचे नाहीत. यमुना मात्र रोज यायची. वाचायला काही नव्हतं तरी यायची, वालाच्या शेंगा पुढ्यात ओढायची आणि म्हणायची, “मला आतून वाईट वाटत नाही. मागे वाटत होतं. आता वाटत नाही.” आल्बिनाबाईंना तिचा हेवा वाटे आणि भीतीही वाटे.

अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला नेत्राचा फोन आला.

“बाई, बसलाय ना? यमुनाताई आहेत तिथे? फोन स्पीकरवर टाका.” तिच्या आवाजात हसू होतं, पण खात्री होईपर्यंत आल्बिनाबाई त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. “मितेश नदीच्या अलीकडे आलाय. थायलंडच्या हद्दीत. आपल्या दूतावासाची माणसं त्याला भेटलीत. पाय सुजलेत, वजन उतरलंय, बाकी धडधाकट आहे.”

शेजारच्या इमारतीवर धाड पडली होती. आपलीही पाळी येणार म्हणून पहारेकरी पसार झाले आणि आतली माणसं मिळेल त्या वाटेने नदीकडे धावली. पलीकडे पोचलेल्या शेकडो लोकांपैकी बहुतेकांकडे आपण कोण हे सांगायला कागदाचा कपटासुद्धा नव्हता. त्यांना ओळख पटेपर्यंत थांबावं लागलं. पण मितेशने नाव सांगताच तिथल्या अधिकाऱ्याने लॅपटॉप उघडून विचारलं, “गास? आई यमुना?” फोटो, पासपोर्टची झेरॉक्स, शाळेचा दाखला, सगळं आधीच तिथे पोचलं होतं. परतीचा कागद पुढच्या चार दिवसांत तयार झाला. त्याने नावं दिलेल्या तिघांचेही झाले.

नेत्राची बातमी ऐकून यमुना रडली नाही. तिने नेत्राला विचारलं, “त्याला आता फोन करता येईल?” नंबर मिळाला. लावला. आणि पलीकडून आवाज आल्यावर ती बोलीत जे काही भडाभडा बोलली त्यात निम्म्या शिव्या होत्या. एजंटाला, त्या कंपनीला, पोराला, पोराच्या बापाला, जो बिचारा बारा वर्षांपूर्वीच गेला होता. आल्बिनाबाई बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली होती.

मितेश दिल्लीला उतरला, तिथे दोन दिवस चौकशी झाली आणि मग तो घरी आला. आल्बिनाबाई मुद्दाम त्या दिवशी गेल्या नाहीत. तो दिवस यमुनाचा होता. तिसऱ्या दिवशी गेल्या, तर ओसरीवर एक लुकडा, दाढी वाढलेला तरुण भर दुपारी चटईवर गाढ झोपला होता.

“असाच झोपतो,” यमुना हळू आवाजात म्हणाली. “उठतो, जेवतो, पुन्हा झोपतो. मी मध्ये मध्ये येऊन बघून जाते.”

तासाभराने तो जागा झाला. समोरच्या बाईंना त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा आवाजही कधी ऐकला नव्हता. तरी उठून थेट पाया पडला. “मावशी, चष्मा दुरुस्त झाला का?” त्याने विचारलं, आणि तिघंही हसली. मग हसता हसता त्याचा चेहरा बदलला.

“एक सांगायचंय,” तो म्हणाला. “तुझ्याआधी मी चौघांना फसवलंय. खरंच फसवलंय. इंदूरचे एक मास्तर होते, बायको नुकतीच गेलेली. रोज मला कविता पाठवायचे, म्हणजे एमीला. त्यांचं सगळं गेलं. उन्हात उभं राहणं मला नको होतं, म्हणून मी ते केलं. डोळे मिटले की ते मास्तर दिसतात.”

यमुना काही बोलणार होती, आल्बिनाबाईंनी तिला हाताने थांबवलं. “नावं आठवतात?” त्यांनी विचारलं.

“चौघांचीही. खाती पण आठवतात, पैसे कुठे गेले ती.”

“मग उद्या नेत्राकडे जाऊ. मी येते बरोबर.”

“मला आत टाकतील?” त्याने विचारलं.

“ते मला माहीत नाही, बाळा. पण तू सांगितलंस तर त्या मास्तरांचं काही परत मिळायची आशा आहे. नाही सांगितलंस तर तीही नाही.”

दुसऱ्या दिवशी नेत्राने त्याला समोर बसवून सगळं विचारलं. सव्वातीन तास. तो काही लपवत नव्हता, कुठे स्वतःला सोडवूनही घेत नव्हता. शेवटी तिने पेन ठेवलं. “तुला जबरदस्तीने ठेवलं होतं, हे यात स्पष्ट लिहिलंय. तू आपण होऊन आलास, हेही लिहिलंय. ही खाती फार उपयोगाची आहेत. यातलं एक आमच्या दुसऱ्या केसमध्ये आलंय आणि त्यातली रक्कम गोठवलेली आहे. मास्तरांना मी स्वतः फोन करेन. पुढे बोलावलं तर यायचं, बाकी घरी जा.” मग जरा आवाज उतरवून म्हणाली, “आणि एजंट काल सापडला. नालासोपाऱ्यातच होता.”

मितेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. नेत्राने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि ती उगीचच कागद आवरू लागली. पाणी पिऊन त्याने जो श्वास सोडला तो आल्बिनाबाईंना खुर्चीत बसल्या जागी ऐकू आला.

बाहेर आल्यावर यमुनाने रिक्षाला हात केला. “रिक्षा नको, आये,” मितेश म्हणाला. “चालू या.”

“एवढ्या उन्हात? पाय बघ तुझे.”

“बरे आहेत पाय.”

आणि तो चालायला लागलाही. आधी रस्त्याच्या कडेने, मग चौकात डावीकडे, मग काय वाटलं कोण जाणे, मागे वळून उजवीकडच्या गल्लीत. एका दुकानापुढे थांबला, काचेतली घड्याळं बघितली, घेतलं काही नाही. पुन्हा निघाला. बसचा स्टॉप भलत्याच बाजूला राहिला.

“अरे, इकडे कुठे?” म्हणून यमुना हाक मारणार होती. पण आल्बिनाबाईंचा दंड धरून ती भिंतीच्या सावलीला सरकली आणि म्हणाली, “जाऊ दे त्याला. किती महिन्यांनी आपल्या मनाने चालतोय. थकला की येईल.”

मितेश गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथे कमरेवर हात ठेवून जरा उभा राहिला आणि मग दिसेनासा झाला. दोघी सावलीत उभ्या होत्या. कोणालाच घाई नव्हती.